कालनिर्णयाच्या चौकटीतले ‘अचानक’ खर्च

‘मॅडम, महिनाअखेरीला काही उरतच नाही. अडीनडीला म्हणून बाजूला ठेवायचं कुठून?’ घरखर्चाच्या समुपदेशनात हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी ऐकते. नाशिकच्या एका ताईंचाही हाच होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) यजमान सातपूरच्या कारखान्यात, त्या घरून पोळी-भाजीचे डबे देतात. दोघांचे मिळून ४०,००० येतात, तरी क्रेडिट कार्डावर ३१,००० थकलेले. ‘सारखं काहीतरी अचानक निघतं हो!’

हिशेबाची वही नव्हती. पुढच्या वेळी त्या गेल्या वर्षीचं कालनिर्णयच गुंडाळून घेऊन आल्या. चौकटींत बारीक अक्षरात ‘सिलिंडर लावला’, ‘दूध नाही’, ‘अप्पा दवाखाना, डिपॉझिट १५,०००’, ‘भाचीचा आहेर’. मोबाईलवरचं एखादं अ‍ॅप सुचवणार होते, ते ओठांवरच राहिलं.

लाल पेन त्यांच्याच हाती दिलं आणि मोठ्या खर्चांना गोल करायला सांगितलं. अकरा गोल झाले. मग विचारलं, यातला खरोखर अचानक कोणता? त्या बराच वेळ पानं उलटत राहिल्या. अप्पांचं पडणं, फ्रीजचा कॉम्प्रेसर. बस्स, दोनच. बाकी शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं १८,०००, दिवाळी १२,०००, आहेर ७,०००, गाडीचा विमा-सर्व्हिसिंग ५,०००. जून काय, दिवाळी काय, सांगूनच येतात. एकूण ४२,०००, म्हणजे महिन्याला साडेतीन हजार. ते कधी बाजूला पडलेच नव्हते, म्हणून दर वेळी कार्ड बाहेर यायचं.

आणि कार्ड किती खातं, ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. महिना साडेतीन टक्के दराने ३१,०००वर १,०८५ रुपये व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, म्हणून त्या १,५५० भरत होत्या; मुद्दलातून सुटत होते जेमतेम २७०. ताईंनी पदराने कपाळ पुसलं.

डिसेंबरात त्यांचा भिशीचा नंबर होता, २४,०००चा. गणित म्हणतं, सगळे कार्डावर टाका. मी मात्र १९,००० कार्डावर टाकायला सांगितले आणि ५,००० वेगळ्या बचत खात्यात. त्या खात्याला यूपीआय जोडायचं नाही, एटीएम कार्ड पर्समध्ये नको, कपाटात. हातात काहीच नसलं तर पहिल्याच दुखण्याला कार्ड पुन्हा घासलं जातं, हे मी फार घरांत पाहिलंय. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी हवी, हे खरंच. पण त्यांच्या घरी तो आकडा दीड लाखाच्या पुढे जातो. तो ऐकवला असता तर ताई परत आल्याच नसत्या. आधी १०,०००, एवढंच ठरवलं.

सणावाराचे, फीचे महिन्याला साडेतीन हजार बाजूला टाकणं लगेच जमणार नव्हतंच. दोन डबे वाढवले, यजमानांनी ओव्हरटाइमचे पैसे दिले, तेव्हा दोन हजारांवर गाडी आली. पहिली दिवाळी निम्मी उसनवारीवरच झाली.

मार्चमध्ये फोन आला. मिक्सर जळला होता, डब्यांची चटणी अडली होती. ‘खात्यातून २,३०० काढले. चुकलं का?’ म्हटलं, त्यासाठीच तर ठेवले होते. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाल्या, ‘लिहून ठेवलंय चौकटीत. खात्याचे उसने, एप्रिल-मेमध्ये फेडायचे.’