क्योबकेच्या 'ओस्टरब्रोमधला रस्ता' या चित्रात काहीच घडत नाही, मग ते एवढं नावाजलेलं का?

काही घडत नाही हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. माझ्या मते चित्राची खरी गंमतही तिथेच आहे.

आधी आकार बघा. कॅनव्हास दीड मीटरहून जास्त रुंद आणि मीटरभर उंच. एवढा कॅनव्हास त्या काळी लढाया, राजे नाहीतर बायबलमधले प्रसंग यांच्यासाठी ठेवत. डॅनिश चित्रकार ख्रिस्तेन क्योबकेने 1836 मध्ये तो दिला कोपनहेगनबाहेरच्या एका सकाळच्या रस्त्याला. गुरं चाललीत, माणसं आपापल्या कामाला निघालीत, बस्स. मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं तर हा आगाऊपणा लक्षातच येत नाही.

आणि ओस्टरब्रो हे तेव्हा शहर नव्हतंच. कोपनहेगन तटबंदीच्या आत कोंबलेलं होतं, लाखाहून जास्त माणसं, रात्री वेशी बंद. ओस्टरब्रो वेशीबाहेर, अर्धं गाव अर्धं शहर. क्योबके तिथलाच, 1833 पासून आईवडिलांसोबत जवळच ब्लेगडॅमला राहायचा. म्हणजे प्रेक्षणीय स्थळ शोधत तो कुठे गेला नव्हता, घराजवळचाच रस्ता त्याने रंगवला.

आता सावल्या. सूर्य अजून खाली आहे, त्यामुळे त्या रस्त्यावर लांबच लांब पसरल्यात. घड्याळ न दाखवता वेळ सांगायचं काम त्या करतात. रस्ता मागे जाताना माणसं किती लहान व्हायला हवीत याचा हिशेबही चोख आहे. ही शिस्त त्याचे गुरू एकर्सबर्ग यांची. यथादर्शन (दूरचं लहान, जवळचं मोठं दाखवायचं शास्त्र) आणि उघड्यावर बसून अभ्यासचित्रं, या दोन्हींबाबत ते भलतेच कडक होते. तेलरंगाच्या ट्यूब आल्या 1841 मध्ये. त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून न्यायचे. असला सरंजाम घेऊन एवढं मोठं चित्र रस्त्यावर पुरं करणं कठीणच, म्हणून बाहेर छोटे अभ्यास आणि मोठा कॅनव्हास स्टुडिओत.

डॅनिश चित्रकलेच्या या बहराच्या काळाला 'सुवर्णयुग' म्हणतात, आणि 'डॅनिश सुवर्णयुगातली शांतता' वगैरे बरंच लिहिलेलं सापडेल. ते थोडं जपूनच वाचा. 1807 मध्ये इंग्रजांनी या शहरावर तोफा डागल्या, 1813 मध्ये सरकारचं दिवाळं निघालं, पुढच्याच वर्षी नॉर्वे हातचा गेला. सुवर्ण होतं ते चित्रांत, तिजोरीत नव्हे.

राहिला नावाजण्याचा प्रश्न. 1846 मध्ये डेन्मार्कच्या कला अकादमीने क्योबकेला सदस्यत्व नाकारलं आणि 1848 मध्ये, 37 व्या वर्षी, तो न्यूमोनियाने गेला. आजचा बोलबाला त्याच्या वाट्याला आला नाही.

चित्र कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. त्यांच्या संकेतस्थळावर मोठी प्रत फुकट मिळते. लॅपटॉपवर उघडा आणि आधी फक्त रस्त्याची जमीन बघा, माणसं नंतर.