वाचकांचे प्रश्न : तीन तासांचा डेमो आणि आठ वाटसरू

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. मामाकडून आलेल्या जुन्या प्लेस्टेशन ४ वर त्याने ‘ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर २’ या गेमचा फुकट डेमो उतरवून घेतला, दोन रात्रींत संपवला आणि आता तो पूर्ण गेम मागतो आहे. पहिला भाग आमच्या घरात कोणीही खेळलेले नाही. एकदम दुसरा भाग घेतला तर गोष्ट कळेल का, आणि तीन तासांच्या डेमोवर विसंबून पैसे खर्चावेत का?
– एक पालक, अमळनेर

उत्तर : गोष्टीची काळजी सोडून द्यावी. पहिला भाग २०१८ साली आला तेव्हा त्याची कथा ऑर्स्टेरा नावाच्या भूमीत घडत होती, तर २४ फेब्रुवारी २०२३ रोजी आलेल्या दुसऱ्या भागाची भूमी सोलिस्टिया आहे. ती पूर्व आणि पश्चिम अशा दोन खंडांत विभागलेली असून मध्ये समुद्र आहे. आठही पात्रे नवीन आहेत. जुन्यातून पुढे आली आहे ती केवळ रीत : आठ वाटसरू, प्रत्येकाचे गाव वेगळे आणि प्रत्येकाच्या घराबाहेर पडण्याचे कारणही वेगळे.

पैशांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. आपल्याकडे भरिताचे वांगे घेताना ते हातावर तोलून पाहतात, कारण जड निघाले तर आत बिया जास्त असण्याचा संभव असतो. पण भरीत कसे होणार हे चुलीवर चढल्याशिवाय समजत नाही. या डेमोचेही तसेच आहे. लढाईची लय, चित्रांची ठेवण, संगीत आणि गावात हिंडण्याची मजा यांचा अंदाज तीन तासांत चांगला येतो. ठिपक्याठिपक्यांची जुन्या धाटणीची माणसे आणि त्यांच्याभोवती खोली असलेला, प्रकाशाने उजळलेला देखावा ही या मालिकेची ओळख आहे. दुसऱ्या भागात माणसांचे आकार किंचित मोठे झाले असून प्रसंग चालू असताना कॅमेराही अधिक फिरतो. लढाईचा वेग दुप्पट करण्याची सोय पहिल्या भागात नव्हती, ती येथे आहे, आणि अकरावीच्या मुलाच्या वेळेचा विचार करता ही सोय पालकांनाही आवडावी.

डेमोत दिसत नाही ती गोष्ट अशी. पहिल्या भागावर मोठा आक्षेप हा होता की आठ जण एकत्र प्रवास करतात, पण एकमेकांच्या कथेत जवळजवळ येतच नाहीत. एकाच एसटीत बसलेल्या अनोळखी उतारूंसारखे ते वागतात. दुसऱ्या भागात दोघादोघांच्या जोड्या करून त्यांच्यासाठी वेगळी प्रकरणे लिहिली आहेत (व्यापारी आणि विद्वान, चोर आणि धर्मगुरू, शिकारी आणि वैद्य, योद्धा आणि नर्तकी), आणि शेवटी आठही धागे एका कथेत येऊन मिळतात. माझ्या मते दुसरा भाग घेण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे. पण डेमो पहिल्या प्रकरणांच्या आसपासच संपत असल्यामुळे यातले काहीच हाती लागत नाही. डेमोवरून हा गेम नाकारणारा माणूस बहुधा ज्या उणिवेसाठी तो नाकारतो, तीच उणीव पुढे भरून काढलेली आहे.

म्हणून मुलाला एकच विचारावे : डेमोतली लढाई तिसऱ्या तासाला कंटाळवाणी वाटली का? वाटली असेल तर गेम घेऊ नये, कारण पुढचे पन्नास-साठ तास लढाईची रीत हीच राहते. वाटली नसेल तर घ्यावा. डेमोत झालेली प्रगती पूर्ण गेममध्ये जशीच्या तशी पुढे नेता येते, त्यामुळे त्याच्या त्या दोन रात्री फुकट जाणार नाहीत.

प्रश्न : डेमोत आठांपैकी कोणालाही निवडता येते. मी विद्वानापासून सुरुवात केली आणि पहिला तासभर एका बर्फाळ तुरुंगातच अडकून पडले. मैत्रीण म्हणते, व्यापारी घे. पण व्यापाऱ्याच्या गोष्टीत जमाखर्चाखेरीज असणार तरी काय?
– एक वाचक, शहादा

उत्तर : आपली मैत्रीण बरोबर सांगते आहे. ऑसवाल्ड हा विद्वान बायको आणि मुलीच्या हत्येच्या खोट्या आरोपावरून शिक्षा भोगतो आहे, आणि त्याची सुरुवात नाट्य म्हणून उत्तम आहे. परंतु तुरुंगातून सुटेपर्यंत त्याला मोकळेपणाने हिंडता येत नाही आणि डेमोचे घड्याळ तर चालूच राहते. तीन तासांच्या मुदतीत या गेमचा खरा स्वभाव पाहायचा असेल, तर जेथे गाव मोकळे आहे आणि गावकऱ्यांशी व्यवहार करता येतो, तेथूनच निघावे.

पार्टिशिओ या व्यापाऱ्याचे गाव ओरसरश. ते पश्चिम खंडाच्या रखरखीत मुलखात आहे. चांदीच्या खाणीमुळे ते भरभराटीला आले. पण जमिनीचा करार ज्याच्या हाती आहे त्याचे भाडे भरता भरता गाव कंगाल झाले. चांदी निघते आहे आणि काढणाऱ्याच्या घरी चूल धड पेटत नाही. गिरणीचा भोंगा बंद झालेल्या गावात ज्यांचे बालपण गेले त्यांना, आणि कापसाचे पैसे हाती येण्याआधीच कुठे जातात हे ज्यांनी घरात पाहिले त्यांना, हे प्रकरण समजावून सांगावे लागत नाही. पार्टिशिओ तलवार उपसून सूड घ्यायला निघत नाही. गरिबी हीच सैतान आहे असे मानून व्यापाराच्या बळावर तिला जगातून घालवायला तो निघतो, आणि हे तो इतक्या उमद्या, मोठ्या आवाजात सांगतो की हसू येते आणि पटतेही. काल्पनिक अद्भुत जगाच्या गेममध्ये नायकाचे शस्त्र सौदा असावे, हे मला फार आवडले.

या भागातली खरी नवलाई दिवस आणि रात्र ही आहे. एक बटण दाबले की ऊन मावळते, दिवे लागतात, संगीत पालटते आणि त्याच माणसाशी वागण्याची तऱ्हाही बदलते. पार्टिशिओ दिवसा गावकऱ्यांकडून वस्तू विकत घेतो आणि रात्री त्यांनाच मोबदला देऊन कामावर ठेवतो. कामावर घेतलेल्यांपैकी काही जण लढाईत मदतीला येतातच, शिवाय दुकानात सवलतही मिळवून देतात. मी ओरसरशमध्ये एका म्हाताऱ्यापाशी दुपारी थांबलो, त्याच्याजवळ काय काय आहे ते पाहिले, पैसे पुरेनात म्हणून रात्र केली आणि पुन्हा त्याच्याकडे आलो. माणूस तोच, पण माझा मतलब दुसरा. कथेत घडणाऱ्या कोणत्याही मोठ्या प्रसंगापेक्षा हा छोटा खेळ माझ्या अधिक लक्षात राहिला, आणि तीन तासांपैकी निम्मा वेळ मी लढलोच नाही.

व्यापाऱ्यावर मन बसत नसेल तर दुसरी निवड थ्रोने या चोराची करावी. तिची गोष्ट काळोखी आहे आणि रात्र पडताच लढाईत तिचे स्वतःचे बळ वाढते, त्यामुळे दिवस-रात्रीचा फरक तिच्याकडे सर्वांत आधी जाणवतो.

प्रश्न : चोर दिवसा लोकांचे खिसे कापते आणि रात्री त्यांना बेशुद्ध पाडते, विद्वान तर रात्री मारहाण करून वस्तू हिसकावतो. असले गेम मुलांच्या हाती द्यावेत काय?
– एक निवृत्त शिक्षक, भुसावळ

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे, फक्त गेमने त्याचा विचारच केलेला नाही असे समजू नये. असे प्रयत्न वारंवार फसले तर त्या गावातली पत जाते, लोक दाद देत नाहीत आणि गुत्त्यावर जाऊन पैसे मोजून ती पत परत मिळवावी लागते. पैसे मोजले की झाले, हा उपाय मला स्वतःला जरा स्वस्त वाटतो. थ्रोने आणि ऑसवाल्ड यांच्या कथांत खून आणि क्रौर्य उघडपणे आहे, त्यामुळे प्राथमिक शाळेतल्या मुलांना हा गेम देऊ नये.

प्रश्न : मी डेमोत पहिल्या प्रकरणाच्या शेवटच्या लढाईत चार वेळा हरलो. प्रत्येक फेरीला मिळणारा बूस्ट लगेच वापरतो, तरीही प्रमुख शत्रू पडत नाही. काय चुकते आहे?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, चाळीसगाव

उत्तर : लगेच वापरता, हेच चुकते आहे. बूस्ट म्हणजे वाराला दिलेला जादा जोर. त्याचा एक गुण दर फेरीला मिळतो, पाचपर्यंत साठवता येतो आणि एका वेळी तीन खर्च करता येतात. मात्र खर्च केल्यानंतरच्या फेरीत नवा गुण मिळत नाही. शत्रूच्या खाली ढालीचा आकडा आणि कमजोरीच्या चौकटी असतात. सहा शस्त्रे आणि सहा तत्त्वे यांपैकी ज्याला तो दुबळा आहे त्याचा प्रत्येक वार तो आकडा एकाने उतरवतो. साध्या हल्ल्यावर तीन गुण लावले तर एकाच फेरीत चार वार बसतात. म्हणजे ढाल चारवर आली आणि आपल्याकडे तीन गुण साठलेले असले, की पार्टिशिओचा भाला (शत्रू भाल्याला दुबळा असेल तर) एका दमात ती मोडतो. ढाल मोडली की शत्रूची उरलेली आणि पुढची पाळी जाते आणि त्या काळात त्याला कितीतरी अधिक इजा होते. सावरल्यावर मात्र तो पुढच्या फेरीत सर्वांच्या आधी वार करतो, तेव्हा त्या क्षणाला बचाव हाताशी ठेवावा. पाळ्यांचा क्रम पडद्याच्या वर दिसतच असतो. हल्ला निवडण्याआधी एकदा नजर वर टाकण्याची सवय लावून घ्यावी.

आणखी एक. मार खाताना आणि शत्रूची ढाल मोडताना पात्राची सुप्त शक्ती भरत जाते. पार्टिशिओची शक्ती वापरली की बूस्टचे गुण एकदम पूर्ण भरतात. ही शक्ती ढाल मोडण्याआधी उधळू नये; शत्रू कोलमडलेला असताना ती वापरून त्याच पाळीत तीन गुणांचा सर्वांत जड वार करावा. मी स्वतः हे उशिरा शिकलो. जळगावच्या मे महिन्यातली दुपार होती, पंखा गरम हवाच फिरवत होता, शत्रूचे नाव लाल झाले होते, म्हणजे तो संपत आला होता, आणि तेवढ्यात वीज गेली. परत आल्यावर पाहिले, तर दालनात शिरताना गेमने आपोआप केलेली नोंद शाबूत होती, फक्त लढाई पुन्हा पहिल्यापासून लढावी लागली. त्या वेळी शक्ती राखून ठेवली आणि लढाई निम्म्या वेळात आटोपली.

प्रश्न : डेमो फुकट देऊन कंपनीला काय मिळते? आणि हा गेम मराठीत किंवा निदान हिंदीत आहे का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : पहिल्या भागाचा एक डेमो सप्टेंबर २०१७ मध्ये, म्हणजे गेम यायच्या बऱ्याच आधी, फक्त योद्धा आणि नर्तकी ही दोन पात्रे देऊन काढला होता. खेळणाऱ्यांची मते त्यांनी प्रश्नावली काढून मागवली आणि त्यानुसार भरभर चालण्याची सोय, पडद्याच्या कडांचा काळोख कमी-जास्त करण्याची सोय असे बदल अंतिम गेममध्ये केले. दुसऱ्या भागाचा डेमो तसा नाही. तो गेम तयार झाल्यावर, विक्रीच्या तोंडावर आला. त्यामुळे तो आपले मत विचारत नाही, केवळ आपल्याला आत ओढतो.

मराठी किंवा हिंदी नाही. संवाद इंग्रजीत किंवा जपानीत ऐकता येतात आणि वाचायला इंग्रजी घ्यावे लागते. वाचन भरपूर आहे, म्हणून लहान भावंडांना शेजारी बसवून खेळणार असाल तर तोंडी भाषांतराची तयारी ठेवावी. आमच्याकडे पार्टिशिओ अहिराणीत बोलू लागला, तो अजून थांबलेला नाही.