स्वतःच पुस्तक काढता येत असताना लेखकाला प्रकाशकाची गरज उरली आहे का?

उरली आहे, पण छपाईसाठी नाही. २००७ साली किंडल या ई-बुक वाचायच्या यंत्राबरोबर अ‍ॅमेझॉनने लेखकांना थेट प्रकाशनाची सोय दिली; २०१० पासून ठरावीक किमतीतल्या ई-बुकवर ७० टक्के रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, मिळू लागली. छापील पुस्तकावर प्रकाशक साधारण १० टक्क्यांच्या आसपास देतो. आकडा भुरळ घालतो खरा, पण संपादन, मुखपृष्ठ, जाहिरात सगळं लेखकाच्याच खिशातून. (मुद्रितशोधनाला फाटा दिलेलं पुस्तक दुसऱ्या पानावरच ओळखू येतं.)

प्रकाशक मिळालाच, तर ई-बुक, ऑडिओ आणि अनुवादाचे हक्क किती वर्षांसाठी जातात आणि आवृत्ती संपून पुस्तक बाजारातून गेल्यावर ते परत कधी मिळतात, ती कलमं आधी वाचा. छापायला तुमच्याकडेच पैसे मागणारा प्रकाशक हा मुद्रकच. त्याला हक्क लिहून देऊ नका.