एकच पलटण, वेगवेगळी दुखणी

माजी सैनिकांच्या आरोग्याबद्दल आलेल्या पत्रांतले चार प्रश्न आज घेतले आहेत.

प्रश्न : सैन्यात धडधाकट माणसंच घेतात. मग माजी सैनिक इतरांपेक्षा जास्त आजारी असतात, हे कसं?

सरसकट तसं नाहीच. भरतीतच आजारी माणूस गाळला जातो, त्यामुळे सेवेतल्यांची आणि नुकत्याच निवृत्त झालेल्यांची सरासरी प्रकृती इतरांपेक्षा बरी दिसते. याला ‘निरोगी सैनिक परिणाम’ म्हणतात. फसगत होते ती इथेच. सैनिकाची तुलना नागरिकाशी केली की खरी दरी झाकली जाते. ती सैनिकासैनिकांत असते. एकाने २० वर्षं भांडारात काढली, दुसऱ्याने तोफेशेजारी. दोघांची पेन्शन सारखी असेल, कान सारखे नसतात.

प्रश्न : माझे पती पायदळात होते. जुन्या मित्रांशी तासन्‌तास गप्पा मारतात, पण नातीचं बोलणं ‘कळत नाही’ म्हणतात. तिला टाळतात का?

नाही हो, टाळत नाहीत. मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. सुरुवातीला जातात त्या उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या. लहान मुलांचा आवाज त्याच पट्टीतला; स, श, फ ही व्यंजनंही तिथलीच. मित्राचा घोगरा आवाज मात्र खालच्या पट्टीत, तो शाबूत राहतो. म्हणून ऐकू येतं, पण शब्द उमगत नाही.

श्रवणचाचणी करून घ्या. आलेखातली रेघ ४००० हर्ट्‌झच्या आसपास खड्ड्यात उतरलेली दिसण्याचा संभव मोठा आहे. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा डावा कान बहुधा जास्त गेलेला असतो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला. म्हणून मी तपासायच्या आधीच विचारतो, ‘नेम कुठल्या खांद्यावरून धरायचात?’ श्रवणयंत्र लागणार असेल तर उशीर करू नका. जितकं लांबवाल तितकी त्याची सवय होणं जड जातं.

प्रश्न : वडिलांच्या छावणीत कचरा उघड्यावर जाळत. आता त्यांना धाप लागते, पण नोकरीच्या कागदांत त्या धुराचा उल्लेखच नाही. काय करावं?

या प्रश्नावर जास्त लिहितो, कारण माजी सैनिकांमधली विषमता औषधाच्या बाटलीइतकीच कागदावरही ठरते. अमेरिकेचं उदाहरण घ्या. व्हिएतनाममध्ये तिने १९६२ ते १९७१ या काळात तणनाशकं फवारली. त्यातलं ‘एजंट ऑरेंज’ सगळ्यांना ठाऊक आहे. १९९१च्या अमेरिकी कायद्याने तिथे गेलेल्या सैनिकांचे ठरावीक आजार त्या फवारणीमुळेच झाले असं गृहीत धरायला सुरुवात झाली. पण किनाऱ्यापासून दूर, जहाजावर असलेले अनेक नौसैनिक पुढे यातून वगळले गेले. जमिनीवर पाऊल ठेवलं होतं का, हा निकष! त्यांच्यासाठी वेगळा कायदा व्हायला २०१९ उजाडलं. उघड्यावर कचरा जाळण्याच्या खड्ड्यांच्या धुराबाबत अमेरिकेत असाच व्यापक कायदा २०२२ साली झाला. तोवर बहुतेकांना आपापला आजार सेवेशी स्वतःच जोडून दाखवावा लागे.

तेव्हा आज बसून वडिलांकडून लिहून घ्या : कुठली छावणी, कुठले महिने, खड्डा तंबूपासून किती पावलांवर, वारा कुठून यायचा, सोबत कोण होतं. सोबत्यांकडून सहीनिशी निवेदनं घ्या. तेही आता म्हातारे होत चालले आहेत. फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी करून तिचा अहवाल जपून ठेवा. वडील धूम्रपान करत असतील तर तेही लपवू नका.

प्रश्न : मी स्वतः सैन्यात होते. गुडघे, कंबर दुखतात म्हणून गेले, तर ‘पती कुठल्या युनिटमध्ये होते?’ असं विचारलं. मला वेगळं काही सांगायला हवं का?

हो. प्रशिक्षणात स्त्रियांना हाडाच्या बारीक भेगा पुरुषांपेक्षा जास्त होतात. पाठीवरचं ओझं तेवढंच, शरीर लहान. त्यात चिलखत आणि पाठपिशवी बरीच वर्षं पुरुषी मापाची. त्यामुळे आत गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा : नोकरी मी केली, इतकी वर्षं, पाठीवर इतके किलो. जुनी भेग कधी एक्स-रेत आली असेल, तर ती फिल्म सोबत न्या.