आजी-आजोबांना न्या, बाबांना राहू द्या

पत्र : आम्ही पवनी तालुक्यातले गोसावी. आमच्यात दहन नाही, समाधी देतात. आजोबा-आजींना जाऊन चाळीसेक वर्षं झाली, बाबांना दोन. वैनगंगेच्या फुगवट्याचं पाणी आता समाध्यांपर्यंत येते, म्हणून ग्रामपंचायतीनं जुनी जागा बंद केली. मोठा भाऊ म्हणतो, जेसीबी लावून तिघांनाही नव्या गावठाणात नेऊ. काकाजी म्हणतात, समाधी उकरली तर वंश बुडते. आई जेवत नाही. काय करू?

भाऊ, आधी बाबांचं. त्यांची समाधी उघडू नका. कन्हार म्हणजे काळी चिकण जमीन, त्यात पाणी मुरलेलं, हवा जात नाही. अशा मातीत दोन वर्षांत देह संपत नाही, आणि उघडल्यावर जे दिसेल ते आई जन्मभर विसरणार नाही. वरचं शिवलिंग आणि ओट्याजवळची मूठभर माती घ्या. उरलं पाण्याचं. दशनामी गोसाव्यांमध्ये जलसमाधीही देतातच, हे काकाजींना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांना ते आईसमोर बोलू द्या. दिवसही त्यांनाच काढू द्या, म्हणजे अर्धा विरोध तिथंच मावळेल.

आजी-आजोबांना नेता येईल, पण हातानं. जेसीबीच्या एका घासात कवटी आणि पावलं एकत्र येतात, मग कोण कोणाचं ते कळत नाही.

आधी तहसीलदारांकडे अर्ज करा. सोबत मृत्यूचे दाखले, जागेचा हातनकाशा, फोटो, नव्या जागेबद्दल ग्रामपंचायतीचं पत्र आणि सगळ्या वारसांच्या सह्या जोडा. काकाजींची सही राहिली तर पुढं तक्रार तिथूनच येते. लेखी परवानगी हाती आली की पोलीस ठाण्यात कळवा आणि पंचनामा मागा. नव्या गावठाणात जागा नाही म्हणाले, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याची तिसरी अनुसूची दाखवा. पुनर्वसनाच्या गावात त्या-त्या समाजाच्या रीतीप्रमाणे दफन किंवा दहनभूमी द्यावी, असं त्यात लिहिलं आहे.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा. पावसाळ्यात खड्डा भरतो आणि मे महिन्यात कन्हार दगडासारखी होते. देह बसता ठेवून दिलेली समाधी वरून खोदायची नसते. देह विरला की हाडं खाली एका ढिगात बसतात, कवटी बहुधा त्यांच्यावरच असते, आणि वरून मारलेली पहिली कुदळ तिच्यावरच पडते. म्हणून ओट्यापासून दोन फूट सोडून बाजूला चर घ्या. तळापर्यंत, म्हणजे चार-पाच फूट गेलात की खुरपी आणि बांबूच्या कमटीनं आडवं आत सरका. पूर्वी खणलेली माती भुसभुशीत आणि मिसळलेल्या रंगाची असते, तीच खूण. निघालेली सगळी माती बारीक चाळणीतून काढा, बोटांची हाडं आणि दात त्यातच सापडतात.

ओलं हाड साबणासारखं मऊ असतं. ते धुऊ नका, उन्हात ठेवू नका, तडकतं. सावलीत सुकू द्या. कधी काहीच उरलेलं नसतं. तसं झालं तर तळाची माती घ्या आणि आईला ही शक्यता आधीच सांगून ठेवा.

मडकं नको. मांडीचं हाड दीड फुटाच्या आसपास असतं, मडक्यात बसत नाही, मग लोक ते मोडतात. माणशी एक लाकडी पेटी करा, आतून दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. आत सुती कापड घाला. प्लास्टिक टाळा, आत पाणी सुटून बुरशी धरते. कागदावरचं नाव पुसतं, तांब्याच्या पट्टीवर खिळ्यानं कोरून पेटीत ठेवा.

नवा खड्डा तीन फूट पुरे, मात्र उंचवट्यावरच्या मुरमाड जागेत घ्या. यंदा त्यावर नुसता दगड ठेवा. भरलेली माती एक पावसाळा दबू द्या आणि ओटा दिवाळीनंतर बांधा, नाहीतर पहिल्याच पावसात तो एका बाजूला खचेल.