युरोपात जाऊन ज्युदो प्रशिक्षक होता येईल का, की तिथे फक्त लहान मुलांचे वर्ग घ्यावे लागतात?

तुम्ही राज्यस्तरावर खेळलेले, ब्लॅक बेल्ट. करिअरबद्दल विचारताय ते ठीकच, पण प्रश्नाचं शेपूट मला लागलं, म्हणून लिहितेय.

मी पॅरिसच्या एका उपनगरात ज्युदो शिकवते आणि हो, माझे बहुतेक वर्ग लहान मुलांचे असतात. ज्या सरांकडे मी घडले, त्यांना हे कळल्यावर ते म्हणाले, "एवढी वर्षं मॅटवर घासलीस ती बालवाडी चालवायला?"

इथे माझ्या वर्गात सहा वर्षांचा एक मुलगा होता. पडताना हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, हाताने मॅटवर सपकन थाप, हे सगळं त्याला तोंडपाठ. पण जोडीदाराने जरा तोल घालवला की याचा हात मागे टेकलाच. असा हात टेकला की मनगट नाहीतर कोपर जातं, हे तुम्हाला सांगायला नको. माझं फ्रेंच तेव्हा मोडकंतोडकं, त्यामुळे समजावणं शक्य नव्हतं. मी गुडघ्यांवर बसले, माझी बाही त्याच्या मुठीत दिली आणि मला बाजूला लोळवायला लावलं. अट एकच: मी मॅटला लागले तरी बाही सोडायची नाही, उलट वर ओढून धरायची. पहिल्यांदा त्याने सोडली. मी उठून पुन्हा त्याच्या मुठीत दिली. पुढचे कित्येक वर्ग आम्ही एवढंच केलं. समोरचा आपल्याला धरून ठेवतो हे अंगात मुरल्यावर तो स्वतः पडायला तयार झाला, आणि मोकळा हात आपोआप मॅटवर वाजला.

माझ्या मते ज्युदो शिकवणं म्हणतात ते हेच. आमच्या जुन्या हॉलमध्ये मोठी मुलं नवख्यांना आपटून बाही सोडून द्यायची, आणि सर त्याला 'तयारी' म्हणायचे. किती चांगली मुलं पहिल्याच महिन्यात पळाली!

जपानहून परदेशी गेलेल्या थोरांनी तरी काय केलं? युकिओ तानी 1900 मध्ये लंडनला आले आणि पोटासाठी थिएटरांत पैजेच्या कुस्त्या खेळले. गुंजी कोइझुमी लाखकामातले जाणकार. त्यांनी 1918 मध्ये लंडनमध्ये बुडोक्वाई हा क्लब काढला. तानी तिथे शिकवू लागले. मिकिनोसुके कावाइशी 1935 मध्ये पॅरिसला आले. फ्रेंच माणसाला जपानी नावं जड जातात हे पाहून त्यांनी डावांना चक्क नंबर दिले आणि रंगीत पट्टे रुजवले. पट्टे लंडनमध्ये आधीच होते, पण फ्रान्समध्ये घरोघरी नेले ते कावाइशींनी. शुद्धतावाले अजून नाक मुरडतात. मुरडू देत. आज फ्रेंच ज्युदो महासंघाचे सभासद 5 लाखांच्या घरात आहेत, त्यात मुलांचाच भरणा जास्त, आणि ऑलिंपिकच्या मिश्र सांघिक स्पर्धेत टोकियो आणि पॅरिस, दोन्ही वेळा फ्रान्सने अंतिम फेरीत जपानला हरवलं. हे खेळाडू बालवाडीतूनच वर आले, सर.

आता तुमचं करिअर. मला फ्रान्सचंच माहीत आहे, बाकी देशांचं तिथल्या महासंघाला विचारा. इथे नुसत्या ब्लॅक बेल्टवर पैसे घेऊन शिकवता येत नाही. ज्युदो शिक्षकांसाठी 1955 पासून कायदा आहे, सरकारमान्य डिप्लोमा लागतो आणि तो फ्रेंचमधून करावा लागतो. काम मुख्यतः संध्याकाळी आणि बुधवारी दुपारी, शाळा नसते तेव्हा. एका क्लबच्या तासांवर भागत नाही, दोन-तीन धरावे लागतात. व्हिसाचं वेगळंच.

निघण्याआधी वर्षभर तुमच्या क्लबातला सर्वात लहान मुलांचा वर्ग मागून घ्या. सर हसले तरी घ्या. तो आवडला नाही, तर इकडे येऊ नका.