पाच वाजता भोंगा झाला, आता पुढे?

विचारा फोरमनकाकांना

प्रश्न : काका, नमस्कार. मी वणी तालुक्यातला. आयटीआय फिटर केलं आणि आता जिनिंगची, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायची, मशिनरी बनवणाऱ्या एका कंपनीत मशीन उभारणीच्या गँगमध्ये आहे. आजवर अकोट, हिंगणघाट, फार तर आदिलाबाद, एवढंच फिरणं झालं. आता मे महिन्यात कंपनी सहा आठवड्यांसाठी टांझानियाला पाठवते आहे. शिन्यांगा भागातल्या एका जिनात डबल रोलर मशीनची नवी लाइन उभी करायची आहे. सोबत तिघं, सगळे सीनियर. काम आठ ते पाच. पाचनंतर काय करायचं, हा माझा प्रश्न. सीनियर म्हणतात, रूमवर पत्ते कुटायचे, 'बसायचं' आणि मोबाईल पाहायचा. ती काही बाहेर फिरायची जागा नाही. मी घेत नाही, मटण-मासे खात नाही. घरी सात महिन्यांची मुलगी आहे. बाहेर पडणं सुरक्षित आहे का? तिकडं पाहण्यासारखं काही आहे का? आणि भत्ता वाचवू की खर्च करू?
(एक फिटर, ता. वणी, जि. यवतमाळ)

उत्तर : पोरा, आधी एक हिशेब सांगतो, मग बाकीचं. आपल्याकडं उलंगवाडी होऊन, म्हणजे कापसाची वेचणी संपून, जिनं थंड पडतात, तेव्हा तिकडचा कापूस बाजारात यायला लागतो. म्हणून तर तुम्हाला मेमध्ये नेतात. याचा अर्थ, जिनाचा मालक घाईत असणार. ट्रायल सुरू झाली, रुईची पहिली गाठ बांधायची वेळ आली, की तुझ्या आठ ते पाचचं भजं होईल. मोकळ्या संध्याकाळी मिळतील त्या सुरुवातीच्या तीन-चार आठवड्यांत. त्या रूममध्ये घालवल्यास, तर तू शिन्यांग्याला गेलास काय न् बुटीबोरीला राहिलास काय, सारखंच.

आता मुलीचं. आपलं घड्याळ तिकडच्यापेक्षा अडीच तास पुढं असतं. तू पाचला सुटशील तेव्हा वणीत साडेसात. आंघोळ-जेवण करून आठला फोन लावशील तेव्हा घरी साडेदहा. लेकरू झोपलेलं, लेकराची माय पेंगुळलेली, आणि 'जेवले का', 'हो जेवलो' याच्या पुढं बोलणं सरकत नाही. बहुतेक पोरं सुटल्या सुटल्या पाचला फोन धरतात आणि सहा-साडेसहापर्यंत त्याच्यातच गुंततात. मी म्हणतो, सकाळी साडेसहाला बोल. घरी नऊ वाजलेले असतात, पोरीचं न्हाणं-माखणं झालेलं असतं, ती तुला हसून दाखवते आणि दोघांचा दिवस बरा जातो. पाच वाजताचा वेळ घरच्यांना देऊ नको, हे ऐकायला वाईट वाटेल. पण तिकडं उजेड असतो तेवढाच वेळ तुझा आहे.

काहून, ते ऐक. ती जागा विषुववृत्ताच्या अगदी जवळ. बारा महिने दिवस जवळपास सारखाच, सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो आणि अंधार झटकन पडतो. तू विचारलंस, सुरक्षित आहे का. उजेडात, वस्तीत, माणसांच्या सोबतीनं आहे. अंधार पडल्यावर अनोळखी रस्त्यानं पायी फिरणं नाही, आणि रात्री अनोळखी बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, बसणंही नाही. पासपोर्ट रूमवर कुलपात, खिशात त्याची झेरॉक्स. डॉलर रस्त्यात कोणाकडून बदलून घ्यायचे नाहीत. सरकारी इमारत, पूल, पोलीस, लष्कर यांचा फोटो काढायचा नाही. तिकडं ते महागात पडतं. एवढं पाळलं की पाच ते सात हे दोन तास बिनघोर तुझे.

त्या दोन तासांत जायचं कुठं? गाव जिथं बसतं तिथं. संध्याकाळी झाडाखाली नाहीतर दुकानाच्या ओट्यावर चार माणसं एका लाकडी फळीभोवती बसलेली दिसतील. फळीत चार ओळी, एकेका ओळीत आठ खळगे, आणि चौसष्ट बिया. हा बाओ. दोघं खेळतात, दहा जण अक्कल शिकवतात. एक खेळाडू खळग्यातल्या बिया मुठीत घेतो आणि पुढच्या प्रत्येक खळग्यात एकेक टाकत जातो. हात इतका भरभर चालतो की पहिले दोन दिवस तुला नुसता टकटक आवाज समजेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तू मोजायला लागशील. मग एखादा म्हातारा सरकून जागा देईल. तू हरशीलच. हरणाऱ्या पाहुण्यावर ते लोक फार खूश असतात आणि भाषा येत नसली तरी काही अडत नाही. आमच्या गँगचा एक वेल्डर, चार शब्द धड न बोलणारा, सहा आठवड्यांनी निघाला तेव्हा त्याला पोचवायला पंधरा माणसं आली होती. इंजिनियरसाहेबांना पोचवायला ड्रायव्हर.

बसायच्या आधी नमस्कार-चमत्कार मात्र झालाच पाहिजे. आपल्याकडच्यासारखं 'ए भाऊ, हे कुठं मिळंल' असं थेट कामाचं बोललास तर ते तिकडं उद्धट वाटतं. आधी त्यांच्या स्वाहिली भाषेत 'हबारी', म्हणजे काय खबर, मग तो म्हणेल 'न्झुरी', म्हणजे छान, मग काम. वडीलधारं माणूस असेल तर मानाचा नमस्कार, 'शिकामो'. ते 'मराहबा' म्हणतात आणि तिथून पुढं तू त्यांचा.

खाण्याची काळजी करू नको. उगाली म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत म्चिचा, म्हणजे आपली राजगिऱ्याच्या जातीची पालेभाजी, आणि महारागे, म्हणजे राजम्यासारख्या शेंगेच्या बिया शिजवलेल्या. भात आणि चपाती सगळीकडं मिळते. 'सिली न्यामा', मी मांस खात नाही, हे दोन शब्द पाठ कर. सम्बुसा दिसायला आपला समोसा, पण आत बहुतेक खिमा असतो. न विचारता तोंडात टाकू नको. सळईवर भाजतात ते मिश्काकी बहुधा गाईबैलाच्या मांसाचं, त्याचा धूर मोठा खमंग येतो, तेव्हा आधीच सांगून ठेवतो. अंडं चालत असेल तर चिप्सी मयाई खा : तळलेल्या बटाट्याच्या कापांवर अंडी ओतून केलेली जाड पोळी. कोळशावरचं कणीस, कागदाच्या पुडीत भाजलेले शेंगदाणे, छोट्या कपातली काळी कॉफी आणि सोबत कशाटा नावाची शेंगदाण्याची वडी, एवढ्यात संध्याकाळ निघते.

वेळ ठरवताना जपून. तिकडं तास सूर्यासोबत मोजतात. आपल्या घड्याळात सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आठ म्हणजे दोन. संध्याकाळी सातला पुन्हा एक. एका पोराला स्थानिक मेकॅनिकनं रविवारी चर्चमधली गाणी ऐकायला दोन वाजता बोलावलं. पोरगं जेवून, कपडे इस्त्री करून भर दुपारी दोनला हजर. चर्चला कुलूप. बोलावणं सकाळी आठचं होतं. तेव्हा कोणी वेळ सांगितली की मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून खात्री करून घे. आणि बोलावलं तर जा खरंच. त्या लोकांची समूहगाणी ऐकण्यासारखी असतात, आणि रियाज पुष्कळदा संध्याकाळीच चालतो.

अंधारानंतर गेस्टहाउसचं अंगण. तो सगळा भाग अकराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. वणीत मेमध्ये माणूस भाजून निघतो आणि तिकडं तू रात्री स्वेटर शोधशील, म्हणून एक ने. लाइट गेली तर चिडू नको, वर पाहा. ध्रुव दिसणार नाही. तू विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहेस, ध्रुव क्षितिजाच्या खाली गेला. आपल्याकडं दक्षिणेला जेमतेम वर येणारा त्रिशंकू तिकडं मेअखेरीस रात्री नवाच्या सुमारास चांगला उंच दिसतो. माझ्या सोबतचा एक हेल्पर तासभर उत्तरेकडं पाहत 'असं कसं, असं कसं' करत बसला होता.

पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात मोजे, अंगाला डास पळवणारं मलम, झोपताना मच्छरदाणी. हिवतापाचा भाग आहे तो. जायच्या आधी डॉक्टरला विचारून गोळ्या सुरू कर, आणि परत आल्यावर काही महिन्यांत कधीही ताप भरला तर गावच्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांग की मी आफ्रिकेतून आलोय.

फुटबॉलची मॅच असेल त्या रात्री टीव्ही असलेल्या दुकानात गर्दी होते. सगळा देश दोन क्लबांत वाटलेला आहे : यांगा १९३५ चा, पिवळा-हिरवा, सिम्बा १९३६ चा, लाल-पांढरा. दोन्ही दार-ए-सलामचे, पण शिन्यांग्यातला चहावालासुद्धा एकाचा असतोच. तो कोणाचा आहे हे कळेपर्यंत लाल शर्ट घालू नको, पिवळाही नको.

आता जरा धंद्याचं. जिनातले स्थानिक ऑपरेटर दिवसा तुझ्या हाताकडं पाहत असतात, पण सुपरवायझरसमोर विचारत नाहीत. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांच्यासाठी ठेव. रोलरवर खाचा कशा पाडायच्या, नाइफचा दाब कधी जास्त होतो, सरकी फुटायला लागली तर आधी काय तपासायचं, हे मशीन बंद असताना हातात घेऊन दाखव. सीनियर म्हणतील, सगळं शिकवलं तर पुन्हा आपल्याला कोण बोलावेल? मला विचारशील तर उलटं होतं. पुढच्या सीझनला मशीन अडलं की तो ऑपरेटर मालकाला तुझंच नाव सांगतो, कारण त्याला दुसरं नाव माहीतच नसतं. आणि तोही तुला शिकवेल : त्यांच्या सोसायट्या कापूस कसा घेतात, ओला कापूस कसा ओळखतात. शेतकऱ्याचं पोरगं आहेस, तुला यात रस असणारच.

रविवारी गाडी मिळाली तर म्वांझा गाठ. दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर पडेल, पहाटे निघ. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचं शहर. पाण्यात एकावर एक रचल्यासारखे दगड उभे, त्यातला बिस्मार्क रॉक सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो. पाण्यात पाय मात्र घालू नको, त्यात बिल्हार्झियाचे किडे असतात, कातडीतून आत शिरतात. तिथून जवळच किसेसाला बुजोरा नावाचं सुकुमा लोकांचं संग्रहालय आहे. सुकुमा म्हणजे त्या देशातली सर्वांत मोठी जमात, कापूस आणि गुरं हेच त्यांचं जगणं. त्यांच्यात नाचणाऱ्यांचे दोन फड, बागिका आणि बागालू. पीक निघाल्यावर दोघांची चढाओढ लागते आणि गर्दी खेचण्यासाठी अजगरसुद्धा अंगाखांद्यावर घेऊन नाचतात. आपल्याकडं खडी गंमतीत कलगीवाले आणि तुरेवाले रात्र रात्र भांडतात ना, त्याच रक्ताची ही माणसं. जूनमध्ये बुजोऱ्याला या नाचांचा सण भरतो. तुझ्या तारखांत बसतो का, ते तिथं गेल्या गेल्या विचार.

गुजराती दुकानदार भेटतील, घरी बोलावतील, गरम फुलके वाढतील. एकदा-दोनदा जा. रोज गेलास तर संध्याकाळ फुलक्यांतच जाईल.

सीनियरांशी वाद घालू नको. शनिवारी त्यांच्यासोबत पत्त्याला बस, बिनापाण्याचा बसलास तरी चालतं; डाव हरलास तर जास्तच चालतं. बाकीचे दिवस 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून निघायचं. कुठं जातोस हे एकाला सांगून जा, तेवढा मान त्यांचा आहेच.

राहिला भत्ता. वर सांगितलेल्या कशालाही फार पैसे लागत नाहीत, तेव्हा वाचवू की खर्चू हा पेच तुला पडणारच नाही. सुटे पैसे खिशात ठेव. एक खर्च मात्र कर : घरी न्यायला कांगा घे. दोन सारख्या कापडांची जोडी मिळते, काठाला मोठी नक्षी, आणि खाली स्वाहिलीत एक ओळ छापलेली. काही कापड भारतातूनच छापून गेलेलं असतं, तेव्हा तिथल्या गिरणीचं मागून घे. तू उभ्या केलेल्या लाइनची रुई उद्या तशा कापडात असेलही. पैसे द्यायच्या आधी ती ओळ दुकानदाराकडून वाचून घे आणि अर्थ नीट समजून घे. काही ओळी मायेच्या असतात, देवाच्या असतात, आणि काही बायका शेजारणीला, सवतीला टोमणा मारायला मुद्दाम नेसतात. तुला एक जोडी बायकोला द्यायची आहे आणि एक आईला. दोघी एकाच घरात राहतात.